जबडा, मान, उजवा हात

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

इतरांकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच कळवते : परवा मी प्रयोगशाळेची नोंदवही तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून फेकली. ती संचालकांच्या मोटारीच्या टपावर पडली. नेम धरला नव्हता, हे मी लेखी दिले आहे.

कारण क्षुल्लक नाही. बाजारातले सारे काटे शेवटी आमच्याकडच्या प्रमाण वजनांच्या भरवशावर चालतात. ती चिमट्यानेच उचलायची; बोटाच्या तेलकटपणानेही त्यांचे वजन बदलते. माझ्यासोबत सव्वीस वर्षे काम करणाऱ्या मदतनीस बाईंनी शंभर ग्रॅमचे वजन बटाट्यासारखे उघड्या मुठीत धरलेले मी पाहिले!

एकवीस तारखेला चौकशी समिती बसेल. तिथे पुन्हा तोल गेला, तर विभागप्रमुखपद गेले. तोवर समुपदेशकाकडे जायचे आहे. रागाच्या वेळी दहापर्यंत आकडे मोजा, असे त्याने मला सांगितले. दशांशाच्या सहाव्या स्थानापर्यंत मोजणाऱ्या बाईला! त्याच्या माहितीपत्रकातल्या अकरा चुका मी लाल शाईने दाखवल्या. तो शांतच राहिला. त्याचा अधिक राग आला.

तुम्ही अग्निशामक दलातले लोक घाबरत कसे नाही, ते मुद्देसूद लिही. तब्येतीची हेळसांड करू नकोस, अक्षराचीही.

— ताई

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र ठाण्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या गाडीचा चालक म्हणतो, बाईंना आपल्याकडे घ्या, फेक चांगली आहे.

घाबरत नाही कसे? चांगलेच घाबरतो. पण आमची एक रीत आहे. घंटा झाली, गाडी निघाली की प्रमुख हजेरी घेतात. तेव्हा ‘हजर’ म्हणायचं नाही. भीती आज अंगात कुठे बसली आहे ते सांगायचं. कोणी पोट म्हणतो, कोणी गुडघे. जागा सांगितली की ती बया तिथेच बसते, डोक्यात चढत नाही. एकदा मी ऐटीत ‘कुठेच नाही’ म्हणालो. ज्याला स्वतःची भीती सापडत नाही त्याला शिडी देणार नाही, असं म्हणून प्रमुखांनी मला गाडीतच बसवून ठेवलं.

तुझा राग कुठे बसतो, ते तूही बघ. लहानपणी तुझा जबडा आधी आवळायचा, आणि मी पलंगाखाली पळायचो.

माया असू दे, जमल्यास दुरूनच.

— पलंगाखालचा

दि. २२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुमची रीत शास्त्राला धरून नाही. तरी चाचणी म्हणून दहा दिवस नोंदी ठेवल्या. जबडा, मान, उजवा हात : क्रम एकदाही चुकला नाही. एवढे भरवशाचे उपकरण आजवर नुसते पडून होते!

काल समितीपुढे मी चौदा पानी निवेदन नेले. पुरावा म्हणून टेबलावर तेच वजन ठेवले होते. संचालकांनी बोलता बोलता ते उघड्या बोटांनी उचलले आणि टेबलावर टकटक वाजवू लागले. माझ्यासमोर नोंदवही होती. खिडकीही उघडी होती.

मी भर सभेत मोठ्याने म्हणाले : जबडा. मान. उजवा हात. एका सदस्याने माझ्यासाठी पाणी मागवले. नोंदवही जागची हलली नाही.

ओरडल्या त्या मदतनीस बाई! साक्षीसाठी भिंतीशी बसल्या होत्या. ताडकन उठून त्यांनी संचालकांची अशी खरडपट्टी काढली, की ते वजन धरून पुतळ्यासारखे बसले. मग बाई थरथरू लागल्या. जवळ जाऊन मी विचारले, कुठे बसले आहे. त्या म्हणाल्या, छातीत; आणि ते आजचे नाही. त्या दिवशी त्यांनी चिमटाच घेतला होता. मी पाठीशी येऊन उभी राहिले म्हणून हात कापू लागला, वजन निसटले, आणि ते जमिनीवर पडू नये म्हणून त्यांनी ते झेलले.

माझ्या चौदा पानांत हे कारण नव्हते. निवेदन मी मागे घेतले आणि तिथेच माफी मागितली. सवय नसल्याने ती नीट जमली नाही. आज सकाळी पुन्हा मागितली, ती बरी झाली.

पद राहिले आहे. समुपदेशकाकडे आता बाईंना जायचे आहे. मी त्यांना माझी लाल शाई दिली.

हे लिहिताना जबडा सैल आहे. पलंगाखालून बाहेर यायला हरकत नाही.

— ताई