हार्टली हेच नाव

थॉर्नगिल
गुरुवार, ४ ऑक्टोबर १९३४

रूबन,

कसा आहेस विचारत नाही, तुझ्या धुराड्यातून धूर निघतो म्हणजे आहेस. मी बरी. गुडघा दुखतोच. आमच्या टॉमने बटाटे काढले, निम्मे किडके. मला लिहायची सवय नाही, चुका होतील. तीनदा आले तेव्हा भावाने दार उघडलं असतं तर बहिणीला लिहावं लागलं नसतं.

नेली कीर्टनला मुलगा झाला, तुला कळलंच आहे. येत्या रविवारी त्याचा बाप्तिस्मा. नाव ठेवायचंय हार्टली. हार्टली कीर्टन.

आता ओरडून घे.

झालं? मग पुढे वाच. बाजारात सगळ्यांसमोर म्हणालास, "आमचं आडनाव काय रस्त्यावर पडलंय, कुणीही उचलायला?" कुणीही नव्हे रे, मूर्खा. तुझ्या मुलाच्या आणि तिच्या लग्नाचा पुकारा दोन रविवार चर्चमध्ये झाला होता. पहिल्या बाकावर छाती काढून तूच बसला होतास. तिसरा, शेवटचा पुकारा व्हायचा त्या आठवड्यात बर्फ पडलं, आणि तो मेंढ्या आणायला डोंगरावर गेला, तो गेलाच.

तिसरा झाला असता, लग्न लागलं असतं, तर पोर हार्टली आडनावाचंच झालं असतं. आता कायद्याने त्याला आईचं आडनाव. मग बापाचं पुढे लावायचं, नाव म्हणून. हे काय नेलीने काढलेलं नाही. चर्चमागच्या कबरींवर बघ, अशी किती नावं आहेत. सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही.

तुझ्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवर तू लाल पट्टा ओढतोस, चुकली तर कुणी घरी आणून सोडावी म्हणून. पोराला तेवढंही नको?

नेली म्हणते, "आत्या, त्यांना नको असेल तर मी नाही ठेवणार. भांडून घेतलेलं नाव पोराला नको." मग जॉर्ज ठेवेल म्हणे. जॉर्ज! गावात दगड मारला तर जॉर्जला लागतो.

पाद्रीबाबांनी मला हार्टलीचा अर्थ सांगितला. लग्नापर्यंत मी ते नाव अंगावर घेऊन हिंडले, कधी विचारलं नाही. हार्ट म्हणजे मोठ्या शिंगांचं नर हरीण, आणि ले म्हणजे रानातली मोकळी जागा. हरणं येतात ती मोकळी जागा. तिथे कुणीतरी राहायचं, म्हणून लोक त्याला तसं म्हणायला लागले, मग त्याच्या पोरांना. बस, एवढंच.

तेव्हापासून धुणं पिळता पिळता हात थांबतात. आपल्या डोंगरावर झाड म्हणून नाही, पण मला दाट ओलं रान दिसतं आणि मधोमध उजेडाचा तुकडा. गवत गुडघाभर. कसला आवाज नाही. हरीण येतं, मान वर करतं, पळत नाही. त्याच्या पलीकडे कुणीतरी उभं असतं, टोपी मागे सारून, तुझा एडविन सारायचा तशी. मी हाक मारणार, तेवढ्यात साबणाचं पाणी पायावर सांडतं. टॉम म्हणतो, "अगं बायको, चहात मीठ घातलंस आज!" घातलं असेल.

सोमवारी तू नेलीच्या भिंतीपलीकडे उभा होतास. मेंढी शोधत होतास म्हणशील. त्या बाजूला तुझी एकही मेंढी चरत नाही. दोरीवर वाळणारी दुपटी बघत होतास, बराच वेळ. मी आतून पाहिलं. नेलीला सांगितलेलं नाही.

रविवारी दुपारची प्रार्थना संपली की पाद्रीबाबा पोराला हातात घेतील आणि म्हणतील, "या मुलाचं नाव सांगा." ते आईने सांगायचं नसतं, शेजारी उभं राहणाऱ्याने सांगायचं असतं. मी उभी राहणार आहे, पण तोंड उघडणार नाही. जन्मात पहिल्यांदा. पाद्रीबाबांना सांगून ठेवलंय, जरा थांबा म्हणून. ते थांबतील.

तू सांगायचंस.

एडविनची आत्या,
ॲनिस