अकरा अंड्यांसाठी साठ वॉटच्या एका बल्बाची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. परीक्षण अधिकारी,
‘बल्बमुक्त वसाहत’ मोहीम,
ऊर्जा बचत कक्ष, नाशिक.

अर्जदार : शेखर पुंजा गांगुर्डे, घर क्र. १७, हरितवेल कॉलनी, सातपूर, नाशिक (कॉलनी समितीचे अध्यक्ष)

दिनांक : २२ जानेवारी २०२६, गुरुवार

विषय : जुना पिवळा बल्ब, नग एक, शनिवार संध्याकाळपर्यंत घरात चालू ठेवू देणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराने स्वतःच्या सहीने दिलेले हमीपत्र. २) अंडी.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार हा एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात नोकरीस आहे. आपल्या मोहिमेत कॉलनीचे नाव घातल्यापासून त्याने (स्वतःचे धरून) छत्तीस घरांची दारे वाजवली, पिवळे बल्ब उतरवले व त्या जागी एलईडी बसवले. शिडी अर्जदाराची, धूळही अर्जदाराच्याच डोळ्यांत. देवघरातले झिरोचे बल्बदेखील त्याने सोडले नाहीत. एकूण १४३ बल्ब पोत्यात भरून पोते त्याच्या जिन्याखाली ठेवले आहे. एका घरात जरी पिवळा बल्ब सापडला तरी सगळी कॉलनी बाद, हा आपला नियम फलकावर लाल शाईने लिहिणाराही अर्जदारच. शनिवारी सकाळी अकरा वाजता आपण तपासणीस येणार आहात. पास झाल्यास सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर कॉलनीला पितळी पाटी मिळणार आहे.

२. अर्जदार या कामात किती कडक होता, हे सांगणे त्याच्या अंगाशी येणार आहे, तरी सांगतो. शेजारच्या घर क्र. १८ मधील सरुबाई यांनी हात जोडून सांगितले होते, की थंडीत त्या बल्बाखाली दही लावतात, एलईडीखाली लावलेले दही दूधच राहते, तर एक बल्ब राहू द्यावा. त्यावर अर्जदाराने रजिस्टरात शेरा मारला : “बल्ब हे उजेडाचे साधन आहे. ऊब हे कारण ग्राह्य नाही.” खाली सही, तारीख, शिक्का.

३. अर्जदाराची आई लंकाबाई या दिंडोरी तालुक्यातील आपल्या गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्या आहेत. येतेवेळी त्यांची तांबडी कोंबडी खुडूक झाली होती, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहत होती. घरी तिच्याकडे बघायला कोणी नसल्याने त्या तिला टोपलीत घालून एसटीने घेऊन आल्या. शनिवार दि. ३ रोजी मागच्या पडवीत तिला अकरा अंड्यांवर बसवले. टोपलीत भाताचे तूस घातले. वीज कडाडली तर अंडी नासतात म्हणून एक लोखंडी खिळाही ठेवला. जानेवारीत वीज कुठून कडाडणार, असे अर्जदाराने विचारले असता, “तू कारखान्यातलं बघ, हे माझं खातं हाय,” असे उत्तर मिळाले. एकवीस दिवस मोजले असता पिल्ले बाहेर येण्याचा दिवस शनिवार दि. २४ निघतो, म्हणजे आपल्या तपासणीचाच.

४. सोमवार दि. १९ रोजी सकाळी कोंबडी दाणे टिपण्यासाठी उतरली असता घंटागाडी आली. गाडीचे गाणे नेहमीचेच होते, परंतु कोंबडी गावची. ती घाबरून भिंतीवरून शेजारच्या कंपनीच्या आवारात उडाली. अर्जदाराने सुरक्षारक्षकाकडे चौकशी केली. गेटपासशिवाय काहीही आत आलेले नाही, असे

(हे कलम येथे थांबवावे लागले. अंड्यांजवळ ओलाव्यासाठी ठेवलेले पाणी आटले होते, ते भरण्यास अर्जदार उठला. पुढील मजकूर सलग समजावा.)

असे रक्षकाचे म्हणणे पडले. कोंबडी आजतागायत परत आलेली नाही.

५. तेव्हा अर्जदाराने प्रथम नियमात बसणारे सर्व उपाय केले, याची कृपया नोंद घ्यावी. टोपली एका खोक्यात ठेवून आत नऊ वॉटचे सात एलईडी लावले. पडवीत लग्नघरासारखा उजेड पडला, अंडी मात्र गार. आई म्हणाल्या, “तुह्या उजेडात अंड्याला काय पेपर वाचायचाय का? त्याला ऊब पायजे, ऊब!” नंतर गरम पाण्याच्या पिशव्या झाल्या. पत्नी उज्वला, कन्या सायली व अर्जदार अशा पाळ्या लावल्या. दुपारनंतर उज्वला म्हणाली, “तुमच्या दोन्ही बाळंतपणांना एवढं पाणी तापवलं नव्हतं मी.” यावर सायलीने बाळंतपणे नेमकी कोणाची, असे विचारले. त्या गोंधळात एक पिशवी फुटून टोपली भिजता भिजता राहिली. दिंडोरी रोडवरील एका पोल्ट्रीतही फोन केला. बाहेरची अंडी मशीनमध्ये घेत नाही, असे सांगून त्यांनी फोन ठेवला.

६. अखेर सोमवारी दिवस मावळताना अर्जदाराने जिन्याखालचे पोते सोडले. हाताला लागेल तो बल्ब काढला, खोक्यात लावला आणि तासाभरात अंडी आईच्या गालाला पटली. त्या अंडे गालाला लावून बघतात. अर्जदाराने थर्मामीटरने ताडून पाहिले असता गाल बरोबर निघाला.

७. म्हणजे पोत्यात आज १४२ बल्ब असून आपल्याकडे पाठवलेल्या यादीत १४३ लिहिलेले आहेत. अर्जदाराच्या घरात तीन दिवसांपासून हमीपत्राचा भंग चालू आहे. ही माहिती आपणास कोणी कळवलेली नाही, अर्जदार स्वतः कळवत आहे.

८. हे प्रकरण मिटवण्याचे सोपे मार्ग सुचवण्यात आले. आई म्हणाल्या, “सायेब आला का वर गोधडी टाक. अन् मी तिथंच बसते, डोळ्याला पट्टी हायेच. आजारी म्हातारीला कोन उठवतंय?” अर्जदार क्षणभर मोहात पडला. परंतु पस्तीस घरांत शिडीवर चढून ज्याने माळे तपासले, त्याने स्वतःच्या आईखाली बल्ब लपवावा, हे त्याला जमेना.

९. दरम्यान सरुबाई मंगळवारी भिंतीवरून डोकावल्या. त्यांनी बल्ब पाहिला. त्याच्या टोपीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. त्यांच्या घरचा बल्ब इतरांत मिसळू नये म्हणून त्यांच्या नातीने तो ठिपका लावला होता. पुढील बोलणे अर्जदार जसेच्या तसे देतो.

“काय हो अध्यक्षसाहेब, हा माझाच ना?”

“हो, काकू.”

“मग आता ऊब ग्राह्य झाली का?”

सरुबाईंनी पदर खोचला, पडवीत आल्या, खोक्याचे एक झाकण थोडे तिरपे केले व म्हणाल्या, “हवा तरी खेळू दे मेल्यांना. दही लावणं सोपंय, हे जिवंत हाय.” तेव्हापासून दुपारची पाळी त्या करतात.

१०. सबब विनंती की,

(अ) सदर बल्बास शनिवार संध्याकाळपर्यंत परवानगी द्यावी, किंवा

(आ) तपासणी सोमवारवर ढकलावी (सोमवारी सव्वीस जानेवारी आहे, हे लिहिल्यानंतर लक्षात आले, तरी विचार व्हावा), किंवा

(इ) बाद करायचेच झाल्यास एकटे घर क्र. १७ बाद करावे. पाटीवर ‘पस्तीस घरे’ असे कोरावे. तेवढी जागा पाटीवर आहे, अर्जदाराने मोजली आहे, आणि

(ई) यापैकी काहीही मंजूर झाल्यास घर क्र. १८ चा दह्याचा अर्जही त्याच कारणास्तव मंजूर करावा. त्यावरचा शेरा अर्जदार या पत्राने मागे घेत आहे.

बल्ब उजेडासाठी असतो, असे अर्जदार वीस वर्षे नोकरी करून समजत होता. पिवळ्या बल्बाची बहुतेक वीज उजेडाऐवजी नुसत्या उबेत वाया जाते, हे तो लोकांना शिडीवरून समजावत होता. ते चूक नव्हते. फक्त अकरा जणांना विचारायचे राहिले होते.

कळावे,

आपल्या उत्तराकडे व अंड्यांकडे आळीपाळीने पाहणारा,

शेखर पुंजा गांगुर्डे

सोबत : १) हमीपत्राची प्रत. २) रजिस्टरातील शेऱ्याची प्रत. ३) लंकाबाई पुंजा गांगुर्डे यांचा अंगठा (सही येते, परंतु ऑपरेशनमुळे ओळ दिसत नाही).

पुरवणी, शुक्रवार दि. २३ :

काल अर्ज घेऊन आलो असता आवक विभागातील कर्मचारी रजेवर होते, म्हणून अर्ज परत नेला. आज सकाळी आई अंड्याला कान लावून बसल्या होत्या. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले. अर्जदारानेही कान लावला. आतून आवाज येत होता. दुपारी तीनच्या सुमारास एका अंड्याला आतून बारीक टोचा पडला, मग दुसऱ्याला. कॉलनीतील निम्मी घरे पडवीत येऊन गेली. कॉलनी बाद होईल, असे अर्जदाराने प्रत्येकाला स्पष्ट सांगितले. “हळू बोल की,” एवढेच सरुबाई म्हणाल्या.

त्यामुळे कलम १० मधील (अ), (आ), (इ) या विनंत्या मागे घेत आहे. (ई) कायम आहे. बल्ब चालू राहील. आपण उद्या अकरा वाजता ठरल्याप्रमाणे यावे व काय लिहायचे ते लिहावे. दार उघडेच असेल, फक्त आत आल्याबरोबर लोटून घ्यावे. गार वारा येतो.