दोन वायसर

फेल्डहोवन, नेदरलँड्स
२३ जून २०२४

श्री. रमेशराव यांस,
सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं नाव वाचून तुम्ही दचकला असाल. तुमचा पत्ता आपल्या ऑफिसातल्या श्रीनिवासकडून मिळाला. गुडघा दुखतो तुमचा, असंही तो म्हणाला. काळजी घ्या. नोकरीत मी तुम्हाला अरेतुरे करायचो. वयानं तुम्ही तीन वर्षांनी मोठे. आज पत्रात ते हातून उतरत नाही.

सुचेता दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी सानिका इथं नोकरी करते, तिच्याकडे मी उन्हाळ्यात तीन महिने येतो. पहिल्या वर्षी खिडकीत बसून सायकली मोजायचो. मग सानिकानं शोधून काढलं की गाडीनं तासाभराच्या अंतरावर एक जुनी रेल्वे आहे. सरकारनं बंद केलेला मार्ग गावातल्या लोकांनी जपलाय. दर रविवारी कोळशाचं इंजिन धावतं, आणि शनिवारी हीच माणसं रुळांची डागडुजी करतात. पगार कुणालाच नाही. कुणी शिक्षक होतं, कुणी पाववाला. रुळांचं काम मारेइके नावाच्या बाई बघतात. आयुष्यभर त्यांनी नगरपालिकेत काम केलं, आणि आता रुळाखालचा लाकडी स्लीपर कुजलाय की नाही ते नुसत्या हातोडीच्या आवाजावरून सांगतात. तुम्ही सांगायचात तसंच.

मी रेल्वेत रुळांचा निरीक्षक होतो म्हटल्यावर त्यांनी मला पाहुण्यासारखं बसवलं नाही, हातात पाना दिला. मला डच येत नाही, त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच. पण खडी कशी दाबायची हे सांगायला भाषा लागत नाही. योप नावाचे चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ दर शनिवारी मला घरून घेऊन जातात. दुपारी पाव आणि चीज, कॉफीबरोबर मोजून एक बिस्किट. सुचेता गेल्यावर मी पहिल्यांदा पोटभर जेवलो तो तिथं, रुळाशेजारी गवतावर.

आता ज्याकरता लिहायला बसलो ते.

आठ तारखेला योप आणि मी एका सांध्यावरच्या, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेट काढून साफ केल्या आणि परत बसवल्या. शेवटचे दोन बोल्ट मी घट्ट करतो, तुम्ही अवजारं आवरा, असं मी त्यांना सांगितलं. तेवढ्यात कुणीतरी मला भारतातल्या गाड्यांविषयी विचारलं आणि मी बोलण्यात रंगलो. वहीत काम पुरं झाल्याची सही योपनी केली. मी पाहुणा, माझी सही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुवायला टाकायचं म्हणून जाकीट झटकलं, तर खिशातून दोन वायसर पडले. ते त्या बोल्टांखाली असायला हवे होते. साडेआठ वाजले होते. पहिली गाडी अकराची.

रमेशराव, मी दहा मिनिटं पलंगावर बसून राहिलो. बाकीचे दोन बोल्ट तर नीट आहेत, आठवडाभर काही होत नाही, पुढच्या शनिवारी गुपचूप आवळू, असं मनात आलं. आणि सापडलंच, तर सही योपची आहे, हेही आलं. ते आल्यावर मात्र मी ताडकन उठलो. मी सानिकाला हाक मारून मारेइकेबाईंना फोन लावायला सांगितला.

त्यांनी गाडी थांबवली. योपना घेऊन स्वतः सांध्यापाशी गेल्या. दोन्ही बोल्ट नुसते बोटानं फिरवलेले निघाले. नवे वायसर घालून ते आवळले, गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटली.

पुढच्या शनिवारी मी जाणार नव्हतो. पण योपची गाडी नेहमीसारखी आठला दारात उभी. तिथं सगळे जमल्यावर मारेइकेबाईंनी मलाच सांगायला लावलं. मी सांगितलं. योप म्हणाले, सही माझी होती, मी हात लावून बघायला हवं होतं. बाईंनी वहीत नवा नियम लिहिला, प्रत्येक बोल्ट दोघांनी तपासायचा. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फोन केलात, त्याबद्दल आभार. चला, कॉफी."

एवढंच. ना चौकशी, ना शिक्षा. माझ्या डोळ्यांना धार लागली. त्यांना वाटलं, शरमेनं रडतोय. मी रडत होतो ते २००३ साल आठवून.

तेव्हा तुम्ही माझ्या हाताखाली रोज रूळ चालत तपासणारे चावीवाले होतात, आणि त्या सोमवारी तुम्ही फिशप्लेटला तडा गेल्याची चिठ्ठी माझ्या हातात दिली होती. मंगळवारी सुचेताचं ऑपरेशन होतं. मी सांध्यापाशी गेलोच नाही, आणि रजिस्टरात लिहिलं, 'पाहिले, ठीक आहे.' गुरुवारी मालगाडीचे दोन डबे घसरले. कुणाला लागलं नाही, ते नशीब.

चौकशीच्या आधी तुम्ही इस्पितळात डबा घेऊन आलात. म्हणालात, "साहेब, तुमची नोकरी गेली तर बाईंचं औषधपाणी कसं व्हायचं? मी गँगमधी कुठंबी खपंन."

मी नाही म्हणालो नाही. मी पाहिला तेव्हा सांधा ठीक होता, नंतर तडा गेल्याचं चावीवाल्यानं मला कळवलंच नाही, असं मी चौकशीत सांगितलं. तुम्ही खाली बघत उभे राहिलात. तुम्हाला पुन्हा रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये टाकलं, दूरच्या सेक्शनवर पाठवलं. कॉलनीत लोक म्हणायचे, याच्यामुळे डबे पडले. तुमचा आशुतोष तेव्हा दहावीत होता. सुचेता बरी झाल्यावर मी खरं सांगायला हवं होतं. मी बदली मागून घेतली. "रमेशभाऊ कुठं असतात हो?" असं ती अधूनमधून विचारायची, आणि मी विषय बदलायचो.

तुमच्या त्या गप्प बसण्यावर ती एकोणीस वर्षं जगली. सानिकाचं लग्न पाहिलं तिनं, नातवाचं बारसं केलं. सानिकाला मी हे सगळं गेल्या रविवारी सांगितलं. तिनं कागद आणि पेन माझ्यासमोर आणून ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, पत्र लिहा. फोनवर तुम्ही पुन्हा टाळाल."

माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. पण आभार त्याहून मोठे आहेत, आणि ते एकवीस वर्षं माझ्याकडे पडून राहिले. हे पत्र आशुतोषला मोठ्यानं वाचायला सांगा. वडिलांनी तडा वेळेवर पाहिला होता, वेळेवर कळवला होता, हे त्याला माझ्या अक्षरात कळू दे. खाली पूर्ण सही करतोय, कुणालाही दाखवा. ऑगस्टमध्ये परत आलो की तुमच्या दारी येईन. आत घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

वहिनींना नमस्कार.

ज्याचं नाव तुम्ही चौकशीत घेतलं नाहीत, तो
दीनानाथ गोविंद खरवंडीकर
निवृत्त रेल्वेमार्ग निरीक्षक