हिंगणवाडीची एकशे आठ जनावरे

प्रति,
मा. संचालक,
राज्य गुन्हे-आकडेवारी केंद्र, पुणे.

(योग्य मार्गे पाठवावयाचा होता, तीन महिन्यांत योग्य मार्ग सापडला नाही, म्हणून थेट.)

विषय : हिंगणवाडी ठाण्याच्या हद्दीत न झालेल्या एकशे आठ गुरेचोऱ्या कमी करून एका निरपराध माणसाची हजेरी थांबविण्याबाबत.

संदर्भ : आपली त्रैमासिक पुस्तिका, ऑक्टोबर ते डिसेंबर १९८२, पान ४१.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार श्रीमती जगदेवी पंचाक्षरी स्वामी ही नव्या जिल्ह्याच्या आकडेवारी शाखेत कनिष्ठ लिपिक असून जिल्हा झाला तेव्हा नांदेडहून बदलून लातूरला आली. तिचे काम सोपे आहे. महिनाअखेर ठाण्याठाण्याचे विवरणपत्र येते. एका गुन्ह्यामागे कच्च्या तक्त्यावर एक रेघ ओढायची, रेघा मोजायच्या आणि पक्का तक्ता आपल्याकडे धाडायचा. आपण तो छापून सगळ्या जिल्ह्यांना वाटता. एवढ्या सोप्या कामात एवढा घोटाळा करायला अंगी काहीतरी असावे लागते. ते अर्जदाराच्या अंगी आहे.

२. रोज एकशे आठ वेळा 'नमः शिवाय' म्हणण्याचा तिचा नेम आहे. एकोणीस वर्षांत खंड नाही. यजमान गेले त्या दिवशीही नव्हता. कचेरीत माळ ओढू नये असे साहेबांनी बजावल्यापासून ती जप रेघांवर मोजू लागली. नोव्हेंबरचा शेवटचा सोमवार होता, कार्तिकातला. पोटात कडक उपास, आणि नव्या कचेरीत कोरा कागद बघायला मिळेना. पुढ्यातल्या तक्त्यात हिंगणवाडीचा 'गुरांची चोरी' हा रकाना तेवढा रिकामा होता. दुष्काळात बरगड्या मोजता येतील अशी जनावरे चोरणार कोण? त्या रिकाम्या जागेत तिने जप पुरा केला. दुसऱ्या दिवशी बेरीजही तिनेच केली आणि दोनदा पडताळली. दोन्ही वेळा एकशे आठच भरली. जपात चूक नव्हती. तो आकडा पाहून तिला संशय यायला हवा होता. तिला प्रसन्न वाटले.

३. आपल्या पुस्तिकेत हिंगणवाडी गुरेचोरीत राज्यात पहिली आली. नव्या जिल्ह्याचा कशातही पहिला येण्याचा हा पहिलाच प्रसंग. पुस्तिका वाचून नांदेडकडच्या एका ठाण्याने त्यांच्या हद्दीतून चोरीला गेलेले सात बैल आमच्या एकशे आठांत धरले आहेत काय, अशी विचारणा केली, आणि उत्तर येईपर्यंत स्वतःकडे नोंद घेणे थांबविले. म्हणजे न झालेल्या चोऱ्या छापून आल्या आणि झालेली चोरी आमची वाट पाहत बसली आहे.

४. एवढ्या चोऱ्यांना एक तरी चोर हवा, म्हणून हिंगणवाडीच्या फौजदारांनी देवणीच्या बाजारात गुरांची दलाली करणारे नागप्पा यांना रोज सकाळी ठाण्यात हजेरीला बसविण्यास सुरुवात केली. सुटका दुपारी. त्यांच्या चार गाई चारा छावणीत होत्या, आणि छावणीत सकाळी धनी समोर उभा असल्याशिवाय पेंढी मिळत नाही. शिवरात्रीच्या आठवड्यात त्यातली एक गाय बसली ती उठली नाही. अर्जदाराने त्यांच्या घरी जाऊन कबुली दिली. त्यांच्या पत्नी सिद्धम्मा म्हणाल्या, "बाई, नाव देवाचं तुमी घ्यायलाव, अन् हजेरी आमच्या धन्यानं द्यायची व्हय?" नागप्पा म्हणाले, "गप गं, बाईनं मुद्दाम केलंय काय? पर बाई, शंभरावरच थांबला असताव तर आठ चोऱ्या तरी कमी झाल्या असत्या का न्हाई?" गाई चोरीच्या नाहीत एवढे तरी दाखवावे, म्हणून अर्जदाराने त्यांच्या बाजारपावत्या मागून घेतल्या.

५. चूक कळविली असता, छापलेला आकडा बदलत नाही, पुढील तक्त्यात वजा दाखवावा, असे आपले पत्र आले. त्याप्रमाणे फेब्रुवारीत 'वजा एकशे आठ' दाखविले. चोरी वजा असू शकत नाही, म्हणून आपल्या केंद्राने ती सर्व जनावरे 'परत मिळालेली' या रकान्यात घातली. शंभर टक्के गुरे शोधून काढल्याबद्दल ठाण्याला शाबासकीचे पत्र आले. त्याची नक्कल आमच्या साहेबांच्या टेबलावर काचेखाली आहे. आता मिळाली म्हणजे कुणाकडून तरी मिळाली, म्हणून आरोपीच्या रकान्यात नागप्पांचे नाव घालण्याची तयारी चालली आहे. अर्जदार आता दुरुस्तीला भिते. तिने आणखी एक चूक सुधारली तर त्यांना जन्मठेप व्हायची.

६. तरी विनंती की, एकशे आठचा आकडा मागे घ्यावा. घेता येत नसेल तर आरोपीच्या रकान्यात अर्जदाराचे नाव घालावे. एकशे आठही तिनेच एकेक करून जमविले आहेत, आणि पुरावा तिच्या हातचा आहे. हजेरीही तिला सोयीची आहे. ती पहाटे चारला उठतेच. तिच्या दारी गाय नाही, त्यामुळे ती ठाण्यात बसल्याने कुणी उपाशी राहणार नाही.

७. जप आता घरी चिंचोक्यांवर होतो. नागप्पांची हजेरी सुटेपर्यंत अर्जदार रोज एकशे सातवर थांबते. देवाला तसे सांगितले आहे. त्याने तक्रार केलेली नाही. एकशे आठावा चिंचोका तिने डब्यातून काढून या अर्जासोबत ठेवला आहे.

आपली आज्ञाधारक, मोजणीवर तूर्त भरवसा नसलेली,
(सही) जगदेवी पंचाक्षरी स्वामी
लातूर, दि. १९ एप्रिल १९८३

सोबत :
१) मूळ कच्चा तक्ता, रेघांसह. कृपया पुन्हा बेरीज करू नये.
२) नागप्पांच्या चार गाईंच्या बाजारपावत्या. पैकी एक गाय आता नाही.
३) चिंचोका, नग एक. हजेरी थांबताच परत मिळावा.