खडूची खूण

शनिवार, संध्याकाळचे सात

सराव परीक्षेत प्रश्न आला: दवाखान्यात आलेल्यांवरूनच गावाचा अंदाज बांधला, तर चूक कोणती? नमुना निवडतानाची. उत्तर बरोबर आलं आणि मान खाली गेली.

गेल्या शनिवारी पोखर्णी गावात सर्व्हेला गेले, तेव्हा मी तरी दुसरं काय केलं? तिथल्या आशाताईंनी दर दहाव्या दारावर खडूनं खूण करून ठेवली होती. त्याच घरांत जाऊन रक्तदाब मोजायचा होता. ऊन लय होतं, मला कंटाळा आला. नृसिंहाच्या देवळाच्या पायरीवर बसले आणि हात पुढे करील त्याला पट्टा बांधला. सगळी चालतीफिरती माणसं. फॉर्मवर नाव आणि घर नंबर मात्र खुणेच्या घरांतले.

आज आशाताईंचा फोन. "खुणेच्या घरातल्या एक आजी अंथरुणावर हायत. रोज विचारायल्यात, डाक्टरीणबाई कधी येणार? सुनेला दार पुसू देईनात. म्हणतात, खडू गेला तर बाईंना घर कसं सापडंल?"

मी काय म्हणाले? "येते हं लवकर."

फॉर्म काढून बघितला. त्या घरापुढे आजींचा रक्तदाब माझ्याच अक्षरात आहे. एकशेवीस, ऐंशी. अगदी नॉर्मल.