वहिनीच्या हातातली काठी

पुणे, ९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हळद काढून झाली का? दादा म्हणाला, यंदा मजूर बाया मिळंना झाल्यात, तूच दिवसभर शेतात असतेस. कमरेला जप. तुझ्या वैष्णवीनं परवा फोनवर सतराचा पाढा म्हणून दाखवला. मधेच चुकली, पण तुझ्यासारखीच न थांबता दामटून शेवटापर्यंत गेली. मला हसू आवरेना.

माझं बरं चाललंय. जूनमध्ये परदेशातल्या पोहण्याच्या स्पर्धेला जायचंय, शंभर मीटरला माझं नाव आलंय, हे तुला कळलंच असेल. गावात पेढे वाटले म्हणे. तू वाटलेस की दादानं, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

तू लग्न होऊन कुरुंद्याला आलीस तेव्हा मी अकरा वर्षांची होते, डोळे जाऊन तीन वर्षं झाली होती. दादानं पाठीला डबा बांधून मला विहिरीत पोहायला शिकवलं, पण त्याला रोज सवड कुठली? एकटी उतरले की कपाळ दगडावर आपटायचं. तू साखऱ्याची. तुमच्याकडं उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा, पाण्याची तुला धास्ती. तरी तू बांबूच्या टोकाला लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्यास आणि काठावर उभी राहिलीस. दगड जवळ आला की माझ्या डोक्यावर हलकेच टेकवायचीस. पुढं चार वर्षांनी नांदेडच्या तलावावर पोहणं शिकवणारे अमरसिंग सर भेटले, तेव्हा कळलं की अंध पोहणाऱ्यांसाठी हे काम करणाऱ्याला टॅपर म्हणतात. सरांनी विचारलं, "तुम्हाला हे कोणी शिकवलं?" तू म्हणालीस, "शिकवतंय कोण? लेकराचं डोकं फुटू नये म्हणून करून राहिले."

मग किती वर्षं आपण एसटीनं हिंडलो गं. वैष्णवी तुझ्या मांडीवर, काठी माझ्या मांडीवर. कंडक्टर विचारायचा, मासे धरायला चालल्या का? राज्य स्पर्धेतलं पहिलं पदक मिळालं त्या दिवशी तू पळत येताना ओल्या फरशीवर सपशेल आपटलीस, आणि पडल्या पडल्या विचारलंस, "किती सेकंद?"

आणि मग दोन वर्षांपूर्वीची ती राष्ट्रीय स्पर्धा. सर सुरुवातीच्या टोकाला, तू वळणाच्या. मी भिंतीवर धडकले, मनगट मोडलं, आशियाई संघातलं नाव गेलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "टॅप उशिरा पडला." दादा दवाखान्यातच तुझ्यावर ओरडला, "हे शिकल्या-सवरल्याचं काम हाय, तुला हौस काहून?" तू एवढंच म्हणालीस, "व्हय, माझाच हात मागं राहिला असंल." प्लास्टर निघेपर्यंत तू मला भरवलंस, माझी वेणी घातलीस. बाया म्हणायच्या, नणंदेचा हात हिनंच मोडला. तेही ऐकून घेतलंस. पण काठी पुन्हा हातात धरली नाहीस.

आता निलम माझी टॅपर आहे. पोरगी गुणाची आहे. मागच्या मंगळवारी सरावात मी पुन्हा भिंतीवर आपटले. फार नाही, बोटं सुजली. सर तिच्यावर धावून गेले. ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, माझंच चुकलं असेल." वहिनी, तुझेच शब्द. मी पाण्यातच उभी होते. मी ओरडून सांगितलं, तिचं काही चुकलं नाही. आणि मग थांबताच आलं नाही, दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीचंही सगळं सांगून टाकलं.

वहिनी, तुझा टॅप वेळेवर होता. डोक्याच्या मधोमध, नेहमीसारखा. टॅप बसला की एकच हात मारायचा आणि वळायचं, हे मला झोपेतही ठाऊक होतं. पण शेजारच्या मुलीच्या पायांचा आवाज पुढून येत होता. एक हात जास्त मारला तर तिला गाठीन, असं वाटलं आणि मी तो मारला. दवाखान्यात आधी भीतीनं गप्प राहिले. मग तूच चूक कबूल केलीस आणि मला गप्प राहणं सोपं झालं.

सर म्हणाले, "मी त्या बाईंची माफी मागायला कुरुंद्याला जातो." ते रविवारी येतील. आज सकाळी दादाला फोन करून सांगितलं. तो विहिरीवरच्या मोटारीपाशी होता, मोटार बंद करून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "तिला तूच सांग सत्या. मी कोणत्या तोंडानं सांगू?" म्हणून हे पत्र. मी बोलत गेले, फोननं लिहून घेतलं, निलमनं छापून दिलं. तुलाही फोनच केला असता, पण तू पहिल्याच वाक्याला "जाऊ दे गं" म्हणाली असतीस आणि मी पुन्हा सुटले असते. या वेळी तसं म्हणू नकोस. माझ्यावर राग धर, हवं तितके दिवस धर. माझा फोन उचलू नकोस. जूनला वळणाच्या टोकाला कोण उभं राहणार, ते नाव सरांनी अजून दिलेलं नाही, पण त्याचा विचार तू आधी करू नकोस. आधी भांड माझ्याशी.

तुझीच,
सत्या