श्रावणाआधीचा श्रावण

नाशिक, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय इन्शा,

पुण्यात खोली मनासारखी मिळाली असेल, नव्या ऑफिसातही रुळली असशील. इकडे सगळे ठीक. पाऊस चालूच आहे. महेश तुझ्या खुर्चीवर ओली छत्री टाकतो, त्यावरून मी त्याला दोनदा ओरडले.

त्र्यंबकच्या खोल्यांचं बुकिंग उद्याच्या सोमवारसाठी जोरात आहे, पण साइट व्यवस्थित चालली. सर्व्हर आधीच राखून ठेवले होते. गर्दी कधी येणार हे ठाऊक असलं की आपलं काम सोपं, असं मीच तुम्हाला शिकवायचे.

म्हणून जूनमधली ती मीटिंग डोक्यातून जात नाही. मी पंचांग बघून आपला श्रावण लागतो त्या दिवसापासून जास्तीचे सर्व्हर मागवले होते. तू मागच्या वर्षीचा आलेख दाखवलास. "ताई, गर्दी पंधरा दिवस आधीच सुरू झाली होती. नॉर्थवाल्यांचा सावन आधी लागतो ना." आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आता श्रावण आम्हाला तू शिकवणार का गं?" सगळे हसले. तूही हसलीस. ती नुसती थट्टा होती, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. तुझ्या जागी आपल्या टीममधली तेजस्विनी असती तर मी तारखा तपासल्या असत्या.

१२ जुलैला, त्यांचा सावन लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, साइट बंद पडली. इंदूरहून, पाटण्याहून फोनवर फोन. तू ताटावरून उठून आलीस, दुपारभर खपून जादा सर्व्हर मिळवलेस, साइट उभी केलीस. 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

अहवालात मी कारण लिहिलं, 'अनपेक्षित गर्दी'. तू ते वाचलंस, हे मला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तुझा राजीनामा आला, कारण घरगुती. मी सही केली. तुला थांबवायला मला तोंड नव्हतं.

काल साहेबांना नवा अहवाल दिला. इन्शाने जूनमध्येच सांगितलं होतं, तृप्तीने ऐकलं नाही, आणि इन्शा मुसलमान आहे म्हणून ऐकलं नाही, असं त्यात लिहिलंय. साहेब म्हणाले, "एवढं कशाला लिहायचं?" मी खोडलं नाही.

परत ये म्हणत नाही, तो हक्क मी घालवला. पण तिथे कुणी विचारलं, नाशिक का सोडलंस, तर घरगुती कारण सांगू नकोस. माझं नाव सांग.

उत्तराची अपेक्षा न धरता,
तृप्ती
(पुढे ताई लावायचं की नाही, ते तू ठरव.)